जवाला लावलेलं एरंडेल

धान्य कसं ठेवावं हे मालिनीताईंना शिकवायच्या भानगडीत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी पडत नसे. जर्मनीत लुडविग्सहाफेनला राहूनही त्या वर्षाचा तांदूळ आणि वर्षाची तूरडाळ एकदम भरत. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. माझ्या डाळीत एकदा अळ्या निघाल्या, तेव्हा त्यांनी मला अशी काही झापली होती, की पुढं आठवडाभर मी जिना उतरताना पाय न वाजवता उतरले. बाई तिखट. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की मला आधी रडूच येतं, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

त्यांचे यजमान शिरीष इथल्या एका केमिकल कंपनीत इंजिनिअर होते. माणूस हौशी. ऑफिसातल्या वाल्टर नावाच्या मित्राच्या नादानं ते घरगुती बिअर करायला लागले. बिअरला माल्ट लागतं, म्हणजे जव भिजवून, मोड आणून भट्टीत वाळवलेलं धान्य. शिरीषनी ते थेट पोत्यानं आणलं, तेव्हा मालिनीताई कडाडल्या, "अहो, दारूचं धान्य माझ्या घरात नको!"

"तू वर्षाचा तांदूळ भरतेस, मी वर्षाचं जव भरतो. बिघडलं कुठं?" ते हसत म्हणाले.

शेवटी माल्ट केलरमध्ये गेलं. केलर म्हणजे तळघर, तिथं प्रत्येक घराला लाकडी फळ्यांची एकेक खोली होती. शिरीषनी पोती भिंतीपासून लांब, फळीवर ठेवली, आणि उघडलेलं माल्ट घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये. भरडायचं मात्र ऐन वेळी, अख्खा दाणा जास्त टिकतो म्हणून. अधूनमधून खाली जाऊन ते एक दाणा चावून बघायचे. कट्‌कन तुटला तर ताजा. चिवट लागला, तर त्यानं ओल धरली. बिअर शिजायची वाल्टरच्या घरामागच्या कपडे धुवायच्या खोलीत, कारण मालिनीताईंनी स्वयंपाकघरात तो वासही येऊ दिला नसता. त्यांनी बिअरचा थेंबसुद्धा कधी चाखला नाही.

त्यांची एकुलती मुलगी उर्जा. ती लहान असताना शिरीष ग्लासवरचा फेस बोटावर घेऊन तिला पांढरी मिशी काढून द्यायचे, आणि ती मिशी घेऊन ती सगळ्या बिल्डिंगभर मिरवायची. मोठी झाल्यावर तिला त्यांनी कबूल केलं होतं, "तुझी आबिटूर झाली की तुझी बिअर आपण दोघं मिळून करू." आबिटूर म्हणजे इथली बारावी. त्यासाठी खास दोन नवी पोती आणली. ती ड्रममध्ये भरायची होती, ड्रम अजून आणायचे होते. तेवढ्यात, मे महिन्यात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता शिरीष खुर्चीतच गेले. छातीत दुखतंय असंसुद्धा कुणाला म्हणाले नाहीत.

त्यानंतर मायलेकींचं बोलणंच आटलं. उर्जा तशीही मराठी समजून जर्मनमध्ये उत्तर देणारी, आता तेही देईना. खोलीचं दार बंद, जेवण ताटात तसंच. मी केलेली खिचडी घेऊन गेले, तर मालिनीताई म्हणाल्या, "ठेव नीता. खाणारं कोण आहे?" नातेवाईक घर आवरायला आले, केलरमधली पोती देऊन टाकू म्हणाले, तेव्हा उर्जा खोलीतून बाहेर आली आणि एकच वाक्य बोलली, "बाबास माल्त्स ब्लाइब्त हिअर." बाबांचं माल्ट इथंच राहणार. मार्चमध्ये परीक्षा संपली की ती ते शिजवणार होती. बाबांनी कबूल केलं होतं ना, मग.

मालिनीताईंनी ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं. लेकीनं वर्षभरात आईकडं मागितलेली ती एकच गोष्ट होती. ज्या धान्याला त्यांनी घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं, ते बघायला त्या आता रोज केलरमध्ये उतरायच्या, फळ्यांच्या खोलीत उभं राहून एक दाणा चावायच्या आणि वर यायच्या. जिन्यात भेटल्या की मला सांगायच्या, "चांगलं आहे हो. अगदी कट्‌कन तुटतंय."

ऑगस्टमध्ये उकाडा झाला. मी तेव्हा सुट्टीत सांगलीला होते. एका पोत्याची शिवण उसवली होती, तिथून सोंडे शिरले. वाल्टर फोन केल्यावर धावत आला असता, पण त्या नंतर मला म्हणाल्या, "धान्याला कीड लागली तर काय करायचं, हे मी त्याला विचारू?" त्यांनी दोन्ही पोती थोडी थोडी करून वर आणली, बाल्कनीत चादरीवर ऊन दिलं, चाळलं, निवडलं. मग आपल्याकडं वर्षाच्या गव्हाला, डाळीला लावतात तसं एरंडेल लावलं. औषधाच्या दुकानातल्या एवढ्याशा बाटल्या, त्या सगळ्याच्या सगळ्या उचलल्यावर दुकानदारीण बाईनं काळजीनं विचारलं म्हणे, घरात इतक्या जणांची पोटं तुंबलीत का? एकेक मूठ तळव्यात घेऊन चोळली. मी इथं असते तर मीही शेजारी बसून चोळलं असतं. आपल्यापैकी कुणीही चोळलं असतं.

एकही सोंडा पुन्हा दिसला नाही. मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर उर्जा आणि वाल्टरनं एक पोतं नेलं. वाल्टरनं दाणा चावला, मान डोलावली. "किती स्वच्छ! चमकतोय नुसता," तो म्हणाला. मालिनीताई लाजल्या. शिरीष गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं, आणि उर्जासुद्धा आईकडं बघून थोडी हसली. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं.

मेमध्ये शिरीषचं वर्षश्राद्ध झालं. त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी वाल्टर बाटल्या घेऊन आला. मलाही बोलावलं होतं. मालिनीताईंनी स्वतः आपल्या टेबलावर ग्लास मांडले, तेही आयुष्यात पहिल्यांदाच. उर्जानं बाटली उघडली, चांगली फस्स वाजली. तिनं ग्लास तिरका धरून ओतलं, बाबा ओतायचे तसं. फेस चढला आणि चढता चढताच बसला. वर नुसती पिवळी बिअर राहिली.

वाल्टर म्हणाला, ग्लासला तेलकट हात लागला असेल. त्यानं ग्लास गरम पाण्यानं धुतले. दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. उर्जानं बोट बुडवून बाहेर काढलं. बोटावर काहीच नव्हतं, नुसतं ओलं.

"आल्झो... म्हणजे," वाल्टर चाचरत म्हणाला, "फेसाला तेलाचं वावडं असतं. थोडंसं तेलसुद्धा चालत नाही. पण तेल येणार कुठून?"

मालिनीताईंनी दोन्ही तळवे मांडीवर उलटे केले. "मी लावलंय," त्या म्हणाल्या. "एरंडेल. कीड लागू नये म्हणून. सगळ्या दाण्यांना लावलंय."

उर्जा आईकडं बघत राहिली, मग म्हणाली, "आउख दास नोख." म्हणजे, हेसुद्धा गेलं. ती खोलीत गेली, दार लागलं. मला त्या क्षणी त्या पोरीचा इतका राग आला! दुसऱ्या क्षणी तो गेलाही, कारण तिचं काय चुकलं होतं? आणि आईचं तरी काय चुकलं होतं?

मालिनीताईंनी समोरचा ग्लास उचलला आणि औषध घ्यावं तशी ती बिअर संपवली. मग वाल्टरला विचारलं, "खाली अजून एक पोतं आहे. त्याचं तेल कसं काढायचं?"

"ते निघत नाही, मालिनी," तो म्हणाला. "दाण्यानं ते पिऊन टाकलंय."

त्या उठून बाहेर गेल्या. मला वाटलं बाथरूममध्ये गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत, वाल्टर निरोप घेऊन गेला, तेव्हा मी शोधायला केलरमध्ये उतरले.

फळ्यांच्या खोलीत मालिनीताई जमिनीवर बसल्या होत्या. पोतं उघडं होतं. ओंजळभर माल्ट जुन्या पंच्यावर पसरून त्या एकेक दाणा पुसत होत्या आणि शेजारच्या पातेल्यात टाकत होत्या. पातेल्याचा तळही झाकला नव्हता. मी हाक मारणार, एवढ्यात मागून जिन्यावर पावलं वाजली. उर्जा माझ्या बाजूनं आत गेली. मग खाली बसली, पातेल्यातला एक दाणा तोंडात टाकून चावला.

"क्नाक्ट नोख," ती म्हणाली. अजून तुटतोय.

मालिनीताईंचा बांध तेव्हा फुटला. वर्षभर कुणासमोर न रडलेली ती बाई हुंदके देत होती आणि हात मात्र दाणे पुसतच होते. उर्जानं पंच्याचं दुसरं टोक घेतलं आणि तीही पुसायला लागली.

केलरचा दिवा थोड्या वेळानं आपोआप विझतो. तो विझला की उर्जा उठायची, चाचपडत जाऊन बटण दाबायची आणि परत येऊन आईशेजारी बसायची. पुसून तेल जाणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं.