रेडिएटरपुढचा फ्लेक्स

सुवर्णाचा राग तेलुगू मुलखातल्या बोथच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होता. जिनिंगमध्ये कापसाची गठाण अंगावर पडून तिचा नवरा रविकांत कमरेतून अधू झाला, तेव्हा भावकीनं सुचवलं, की दारातली जीप विकून टाका. ती उखडलीच. "जीप धड हाय, मी बी धड हाय. इकायची काऊन?" असं म्हणून तिनं नवऱ्याच्या पाठीला उशी लावून त्याला शेजारच्या सीटवर बसवलं आणि गाडी शिकली. जीप चारी चाकांना जोर देणारी, जड, डोंगर चढणारी. तिला मागं ट्रॉली जोडून सुवर्णा मळणीयंत्र ओढायची, लग्नाचं जनरेटर ओढायची, उन्हाळ्यात पाण्याची टाकी ओढायची.

रविकांतनं तिला एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली होती. मोकळी गाडी कशीही हाका, पण मागं ओझं असलं की आधी इंजिनाचा विचार. निघताना रेडिएटरचं पाणी बघायचं, पंख्याचा पट्टा बघायचा, जाळीत अडकलेला कापूस अन् भुसा काढायचा. समोरून वारा आत गेलाच पाहिजे.

त्या दिवशी सकाळी दीपमाला मॅडमचा फोन आला. नार्नूरच्या पलीकडं डोंगरावर जो गुडा, म्हणजे आदिवासी पाडा आहे, तिथल्या शाळेवर ती शिकवायची. "ताई, बोरची मोटर जळली. गुड्यात थेंबभर पाणी नाही. पोरांचा भात कशात शिजवू?"

"निघालेच," म्हणत सुवर्णा अंगणात आली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिच्या धाकट्या दिरानं, पंढरीनं, मिरवणुकीसाठी म्हणून जीप नेली होती. परत आणली ती नवरीसारखी सजवून. पुढं लोखंडी गार्ड, त्यावर चार मोठे दिवे, आणि अख्खी जाळी झाकून तारेनं आवळलेला फ्लेक्स. फ्लेक्सवर कुण्या नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, आणि कोपऱ्यात काळा चष्मा लावलेला पंढरी.

"भाऊजी, हे काय करून ठेवलं?"

"वहिनी, आजच्या दिवस राहू द्या. साह्यबाचा वाढदिवस हाय."

"मांगं पाण्यानं भरलेली टाकी हाय. गाडीनं श्वास कुठून घ्यावा?"

पक्कड सापडेना. तारा हातानं सुटेनात. फ्लेक्स फाडायला पंढरी आडवा आला. म्हणाला, "मी येतो संगं. काई होत नाई." तिकडं पोरं खोळंबलेली. सुवर्णानं दात खाल्ले आणि स्टार्टर मारला.

उटनूर मागं पडेपर्यंत ती भांडतच होती. उन्हानं डांबर मऊ पडलं होतं. पंढरीनं काचा वर करून एसी लावला, त्यावरून पुन्हा जुंपली. चढ लागला तरी तिचं तोंड थांबलं नाही, आणि वरच्या गिअरमध्ये गाडी नेट लावून ओढते आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. गोडसर, करपट वास नाकात शिरला तेव्हा तिनं पाहिलं. काटा लाल रेघेला टेकला होता.

तिनं एसी बंद केला, काचा उतरवल्या आणि हिटर पुरता उघडला. आगीसारखा वारा तोंडावर आला.

"वहिनी, येड्या झाल्या का?"

"इंजिनाची आग भायेर काढून राह्यली. चूप बसा!"

खालचा गिअर टाकून तिनं गाडी वळणापुढच्या सपाटीपर्यंत नेली आणि मोहाच्या झाडाखाली उभी केली. बोनेटमधून वाफ उसळली. पंढरी फडकं घेऊन धावला आणि त्यानं रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. सुवर्णानं त्याची कॉलर धरून त्याला मागं ओढलं.

"हात नको लावू! तोंड भाजून घेतं का?" आयुष्यात पहिल्यांदा ती दिराला अरेतुरे बोलली.

"मंग टाकीतलं पाणी वरून मारतो."

"तापल्या लोखंडावर थंड पाणी? इंजिनाचं हेड तडकलं तर तुह्या साह्यबाच्या घरून आणू? अन् ते पाणी पोरायचं हाय."

तिनं सीटखालून पेचकस काढला आणि फ्लेक्समध्ये खुपसला. टर्रकन फाडत नेलं. नेता गेला, चष्मा गेला. मागं जाळीत कापूस आणि भुसा मेणासारखा चिकटून बसला होता. ती बोटांनी तो ओरबाडत राहिली, आणि ओरबाडता ओरबाडता मनात साचलेलं बाहेर पडलं.

"बाजारात सांगत फिरतो, माही जीप, माही जीप. मळणीच्या धुळीत कोण मरते? मी गाडी शिकताना लोकं हसले तवा कुठं व्हता तू?"

पंढरी दगडावर बसला. मग मान खाली घालून पुटपुटला, "लोकं म्हनतात, वहिनीच्या जिवावर जगतो."

"मंग खरं हाय ते!"

इंजिन निवायला बराच वेळ गेला. निवल्यावर तिनं ओलं फडकं घालून झाकण हळूहळू ढिलं केलं, सोबतच्या कॅनमधलं पाणी थोडंथोडं ओतलं. उरलेला घाट ती खालच्याच गिअरमध्ये, हिटर उघडा ठेवून चढली. दोघं घामानं निथळत होती.

शाळेत पोरं ताटल्या घेऊन ओसरीवर बसली होती. दीपमाला मॅडमनं तांदूळ निवडून ठेवले होते. "ताई, फार वाट पाहिली."

"मोटर केव्हा दुरुस्त करतात हे हापिसवाले?"

"अर्ज दिलाय. बघतो म्हणाले."

सुवर्णा पुन्हा भडकली. तिनं तिथूनच तालुक्याच्या मंडळ कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा बाबू तेलुगूत समजूत घालत होता, ही मराठीत सुनावत होती, आणि दोघांनाही एकमेकांचं व्यवस्थित कळत होतं. तेवढ्यात पंढरीनं न सांगता पाइप ओढला आणि ड्रम भरायला लागला. नंतर गुड्यातून पाना मागून आणून त्यानं गार्डचे बोल्टही खोलले. दिव्यांसकट गार्ड ट्रॉलीत टाकलं ते दाणकन आपटूनच.

पुढं चार-आठ दिवस तो वहिनीसमोर जेवायला बसला नाही. तिनंही बोलावलं नाही. गुड्यातली मोटर उन्हाळा सरत आला तरी बसली नाही. सुवर्णा पाणी नेत राहिली, आणि दर खेपेला गुड्यातूनच कार्यालयाला फोन लावून त्या बाबूला झापत राहिली.