ग्रॅमबाईने उंदरांना लावलेली शिस्त

आमच्या प्रयोगशाळेतली ग्रॅमबाई मला कधीच आवडली नाही. तिलाही मी आवडत नव्हते आणि हे ती लपवायची नाही, तेवढाच तिचा एक गुण. उंदरांची खोली तिच्याकडे होती. रोज सकाळी प्रत्येक पिंजऱ्यात मोजून खाद्य घालायचं, आदल्या दिवशीचं उरलेलं मोजायचं, जाळीखालच्या कागदावर सांडलेला चुरा चाळून तोही मोजायचा, मग उंदराला वाटीत बसवून त्याचं वजन घ्यायचं आणि सगळं वहीत उतरवायचं. वीस वर्षांत तिचा आकडा चुकला नाही. म्हणून नाव ग्रॅमबाई, आणि म्हणूनच तिचं तोंड मी सहन केलं.

तोंड म्हणजे नणंदेचा उद्धार. नणंद बिनलग्नाची, हिच्याच घरी राहणारी, घरबसल्या शिवणकाम करणारी आणि ऊठसूट खाणारी.

"काल वन्संनी साखरेचा डबा संपवला, बाई. चमचासुद्धा घेतला नाही हातात."

स्वयंपाकघराला कुलूप लागलं. नणंदेने कचऱ्याच्या डब्यातलं खाल्लं. तेव्हा ग्रॅमबाईने नवऱ्याचा पिच्छा पुरवून तिला शहराबाहेरच्या एका संस्थेत कायमचं ठेवायचं ठरवलं. तिथे म्हणे माणसांना वळण लावतात. अर्ज भरून झाला होता, नवऱ्याची सही तेवढी बाकी होती.

"अडलंय कुठे?" मी विचारलं.

"बहीण ना शेवटी. महिनाअखेर करतो म्हणालेत."

"डॉक्टरला दाखवलंस का?"

"हावरटपणाला कसला आलाय डॉक्टर?"

मी पुढे काही विचारलं नाही. मला माझे उंदीर होते.

त्यांतल्या बारा उंदरांच्या मेंदूच्या तळाशी आम्ही एक बारीकशी जखम केली होती. असे उंदीर बेसुमार खातात. ते किती खातात हेच मला मोजायचं होतं. महिन्याअखेरीस वही उघडली आणि माझं डोकं फिरलं. ऑपरेशन झालेले उंदीर आणि शेजारचे धडधाकट उंदीर ग्रॅमला ग्रॅम सारखंच खात होते.

"हे आकडे कुठून आले?"

"काट्यावरून."

"उंदीर काय एकमेकांना विचारून जेवतात?"

"मीच तेवढं घालते. बघवेना त्यांची खा-खा. गुणी उंदरांनी काल जेवढं खाल्लं तेवढंच आज ह्यांना. आता वळणावर आलेत."

महिन्याभराचं काम मातीत गेलं होतं. मी तिला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. शेवटी मी वहीतल्या वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे कुणी लिहिलं? वाच."

तिने वाचलं. गुणी उंदरांचं वजन जेमतेम वाढलं होतं. वळणावर आलेले मात्र तेवढंच खाऊन फुगले होते. ती रोज स्वतःच्या हाताने लिहीत होती आणि उद्या उतरतील म्हणून रोज वाट बघत होती.

"काटा बिघडला असेल," ती म्हणाली.

"वीस वर्षं नाही बिघडला तो? ऐक. चरबीतून लेप्टिन नावाचं एक संप्रेरक रक्तात सुटतं. साठा भरपूर आहे, असं ते मेंदूला कळवतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून चिमूटभर जागा आहे. तिथल्या पेशी तो निरोप घेतात, भूक वाढवणारी पेप्टाइडं नावाची रसायनं आवरतात आणि भूक मारणारी सोडतात. आम्ही त्याच जागेला इजा केली. आता अंगावर कितीही चरबी असो, मेंदूला वाटतं आपण उपाशी मरतोय. खायला कमी दिलंस तर शरीर बाकी सगळीकडे काटकसर करतं आणि चरबी साठवतं. इथे तुझी शिस्त काय करणार, कपाळ?"

तिने वही मिटली.

"माणसाच्या डोक्यातली गाठ काढताना तिथेच लागलं तर?"

"कुणाची गाठ?"

"वन्संची. पाच वर्षं झाली. त्याआधी काडीसारख्या होत्या. गाठीपायी जाणारी नजर वाचली म्हणून आम्ही सगळे खूश."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरी चला. तुम्ही सांगा आमच्या ह्यांना. मी सांगितलं तर कोण ऐकेल? पाच वर्षं मीच उलटं भरवलंय."

गेले. हॉस्पिटलचा कागद शोधायला लावला. गाठ हायपोथॅलॅमसला चिकटलेली होती, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पाच वर्षं तो कपाटात पडून होता. नवऱ्याला मी गुणी उंदरांसकट सगळं पुन्हा सांगितलं. नणंद आमच्याकडे पाठ करून यंत्रावर शिवत होती.

"म्हणजे कुलूप काढायचं?" नवऱ्याने विचारलं.

"मुळीच नाही. खाणं मोजूनच द्या, नाहीतर तिच्या जिवावर बेतेल. चांगला डॉक्टर गाठा. पण हमखास औषध मिळेल असं धरू नका. शिव्या तेवढ्या बंद करा."

"कुलूप लावायचंच, तर मग ती संस्था काय वाईट?"

यंत्र थांबलं. "दादा," नणंद म्हणाली, "तीन महिने थांब. मला जेवढं वाढतील तेवढंच वहिनींनी जेवायचं. माझ्यासमोर. मग दोघींची वजनं बघून कर सही."

"मी का म्हणून?" ग्रॅमबाई म्हणाली.

"गुणी उंदीर लागतो ना एक."

नाही म्हणायला ग्रॅमबाईला तोंड नव्हतं. दोघींची ताटं ती काट्यावर मोजून वाढायची, वजनं वहीत लिहायची. दोन महिन्यांत तिचे कपडे लोंबायला लागले. कामावर ती सगळ्यांच्या अंगावर धावून जायची. एकदा उंदरांच्या खाद्याचा वास घेताना मी तिला पकडलं.

"बाई, भूक लागली की माणूस किती वाईट होतं."

"तू आधीपासूनच होतीस."

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तिने ती वही नवऱ्यापुढे ठेवली. हिचे नऊ किलो उतरले होते. नणंदेचं वजन होतं तिथेच होतं. त्याने दोन्ही रकाने दोनदा वाचले, अर्ज बहिणीपुढे सरकवला आणि विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?"

"इथेच राहते," नणंद म्हणाली. "वहिनी अजून थोड्या उतरू देत."