नाइस शब्दाचे खानदान

१९७५च्या उन्हाळ्यात एका सोमवारी जिंतूरच्या एका कचेरीतील हंगामी कारकून बगलेत शब्दकोश धरून साहेबांच्या खोलीत शिरला. मी तेव्हा तिथेच फाइल घेऊन उभा होतो.

इंग्रजी शब्द भेटला की हा कारकून त्याचे खानदान विचारी. त्याला कायम करावे, अशा शिफारशीत साहेबांनी त्याच्यासाठी ‘नाइस’ हे विशेषण लिहिले होते. कोशात त्याला या शब्दाचे मूळ सापडले: लॅटिनमध्ये ‘अज्ञानी’, पुढे इंग्रजीत ‘मूर्ख’. रविवारी तो धड जेवला नव्हता.

“साहेब, चुका लय झाल्या असतील. पण मी मूर्ख न्हाई.”

साहेबांनी कोश पाहिला. “अहो, खाली वाचा की! आता त्याचा अर्थ ‘चांगला’ असा आहे.”

“आता हाय. पण परभणीच्या हापिसात कुणी मूळ बघितलं तर?”

साहेब इतके हसले की शिपाई पाणी घेऊन धावला. मग त्यांनी ‘नाइस’ खोडले. “तुम्हीच सांगा, काय लिहू?”

त्याने पाने चाळली. “ऑनेस्ट लिहा साहेब. ह्याचं खानदान साफ हाय.”

महिनाभरात हुकूम आला. त्याने तो दोनदा वाचला आणि कोशात ‘पर्मनंट’ शोधायला बसला.