गोदामातला तास

जाधव सर गोदामात शिरले की आधी कुणाशीही बोलत नसत. रचलेल्या खोक्यांवरचा मजकूर वाचत पार मागच्या भिंतीपर्यंत जात आणि परत येऊन विचारत, "मॅडम, तळातला माल कधीचा?" पहिल्या दिवशी मला ते कुणी तपासणीचे अधिकारीच वाटले. मी घाईने चहा सांगितला. ते म्हणाले, "चहा नको. मी भिवंडीत कॉलेजात कॉमर्स शिकवतो, तासिकेवर. माझ्या आठ मुलांना काम द्या."

काल्हेरला तेव्हा भराभर गोदामं उभी राहत होती आणि माणसं कमीच पडत होती. मी बिस्किटांच्या गोदामाची इनचार्ज होते. मुलं शेवटच्या वर्षाची होती. "घरात तंगी आली की पोरं आधी कॉलेज सोडतात," सर म्हणाले. "कामही सुटू नये आणि वर्षही, असं काहीतरी करायला पाहिजे." ठरलं ते असं : तीन दिवस कॉलेज, तीन दिवस गोदाम. गोदामाच्या दिवशी सर जेवणाच्या सुट्टीत येणार आणि सकाळी वर्गात शिकवलेला धडा इथे पुन्हा शिकवणार.

मला वाटलं, चार दिवस येतील आणि थांबतील. ते पूर्ण सहा महिने आले. कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली की उतरून चालत यायचे. शर्टाला धूळ, हातात रुमालात बांधलेले खडू. गोदामाच्या लोखंडी दारावर लिहायचे आणि जाताना ओल्या फडक्याने स्वतः पुसायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "आधी आलेला माल आधी जातो, हे खरं का?" मुलांनी पाठ केलेलं उत्तर एका सुरात म्हटलं. फक्त योगिता गप्प होती. कशेळीची, अंगाने बारीक, पण हिशेबाला पक्की. "बोल गं," सर म्हणाले.

"पुस्तकात जातो, सर. हितं न्हाय जात. हमाल नवा माल पुढं लावतात, मंग पुढचाच उचलला जातो. मागची बिस्किटं तशीच मऊ पडतात."

"मग काय करशील?"

"मधून वाट ठेवीन. भरायचं एकीकडून, काढायचं दुसरीकडून."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, मी पंधरा वर्षं हा धडा शिकवतोय. आज मला कळला." मी दुसऱ्या दिवशी तशी वाट करून घेतली. हमालांनी आठवडाभर शिव्या घातल्या, पण खराब माल निम्म्यावर आला. शेठनी शाबासकी मला दिली. मी ती घेतली.

सरांची चूक एकच झाली, आणि ती त्यांना शेवटपर्यंत चूक वाटली नाही. गोदामाच्या दिवशीही ते कॉलेजच्या हजेरीपटावर या आठ जणांना हजर लावत. "तास झाला की नाही? झाला. मी होतो, मुलं होती. फक्त जागा बदलली." परीक्षेला दीड महिना असताना प्राचार्य अचानक वर्गात गेले आणि डोकी मोजली. हजेरीपटावर आठ जण जास्त निघाले.

चौकशी लागली. खोटी हजेरी ठरली तर सरांची नोकरी जाणार होती आणि मुलांची हजेरी कापली जाऊन त्यांना परीक्षेला बसता येणार नव्हतं. सर माझ्याकडे आले. "दोन ओळी हव्यात, लेटरहेडवर. ही मुलं इथे काम करतात आणि मी इथे येऊन शिकवतो. शनिवारी समितीपुढे ठेवायच्यात."

मी शेठकडे गेले. ते हसले. "ताई, ही पोरं आपली हायतच कुठं? मस्टरवर एकाचं तरी नाव हाय का? कागद दिला तर उद्या लेबर ऑफिसवाला दारात. फिर क्या दिखाओगी?"

मी सरांना म्हणाले, "बघते." मंगळवारी म्हणाले, बुधवारी म्हणाले, गुरुवारीही म्हणाले. शिक्का माझ्याच खणात होता. शुक्रवारी मी तो काढला, शाईच्या पॅडवर ठेवला आणि परत खणात टाकला. माझ्या पगारावर घर चालत होतं. हे कारण खरं आहे, आणि ते मी कुणाला पटवायला सांगत नाही.

दुपारी योगिता टेबलापाशी आली. "मॅडम, आमी हितं कामाला न्हाय का? मंग सहा महिने खोकी कोन मोजतंय, भूत?"

मी म्हणाले, "सुट्टी संपली. कामाला लाग."

शनिवारी सर मुलांच्या वह्या घेऊन समितीपुढे गेले. रोज काय काम केलं, काय शिकलो, ते मुलांकडून त्यांनी लिहून घेतलेलं होतं. समिती म्हणाली, वह्या कुणीही लिहील, मालकाचं पत्र दाखवा. पत्र नव्हतं. सोमवारपासून येऊ नका, असं सरांना तिथल्या तिथे सांगितलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते गोदामात आले. खोकी वाचली नाहीत. सरळ दारापाशी जाऊन खडू काढला.

"सर, आता कशाला?" योगिता म्हणाली. "परीक्षाच न्हाय आमाला."

"दोन धडे राहिलेत," ते म्हणाले.

आठातले पाच बसले, तिघं उठून गेले. सर पाच दिवस आले आणि दोन्ही धडे संपवले. माझ्याशी नीट बोलत होते. एकदा तरी ओरडतील म्हणून मी वाट पाहिली. ओरडले नाहीत.

वर्षभराने मी माल घेणाऱ्या एका पार्टीकडे वाड्याला निघाले होते, तेव्हा अंबाडीच्या नाक्यावर सर भेटले. तिथे दहावीचा क्लास घेत होते. नाव घेऊन एकेकाचं विचारलं. मी सांगितलं, तिघांनी पुन्हा फॉर्म भरलाय, बाकीच्यांनी नाही. योगिताचं लग्न झालं, सासरचे शिकू देत नाहीत.



"तिचं सगळं शिकून झालं होतं, मॅडम," सर म्हणाले. "फक्त परीक्षाच राहिली."