पुसायच्या हुकुमाचं लांब नाव

माझी नणंद हुमेरा गॅसचं बटण बघते, कुलूप ओढून बघते आणि तरी अर्ध्या रस्त्यातून परत येते. लोणावळ्याच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे. तो माझा नवरा नवाज चालवतो. ही वरच्या खोलीत बसून प्रोग्रामिंग करते. फाइल्स शोधायला, हलवायला, पुसायला लागणारा कोड तिनं एकत्र बांधला. अशा तयार संचाला लायब्ररी म्हणतात. तिचं नाव ठेवलं 'फडताळ', आणि कुणीही फुकट वापरावी म्हणून इंटरनेटवर टाकली.

तिच्यात कॉम्प्युटरला द्यायच्या हुकुमांची नावं सोपी होती: ठेव, शोध, हलव. पुसायच्या हुकुमाचं मात्र 'कायमचं_पुसून_टाक'. शिवाय कुठला फोल्डर पुसायचा, तेही लिहायलाच हवं.

"अगं, पोराचं नावसुद्धा एवढं लांब ठेवत नाहीत," मी म्हटलं.

"भाभी, ते टाइप करता करता माणूस थांबला पाहिजे. पुसलेलं परत मिळेलच असं नाही."

पण वापरणारे कुरकुरायला लागले. त्यांत नवाज सगळ्यात पुढे; स्टुडिओच्या कॉम्प्युटरवरही 'फडताळ'च होती. जुने फोटो पुसून रोज जागा करायची असते ना! शेवटी नव्या आवृत्तीत तिनं नुसतं 'पूस' केलं. फोल्डर सांगितला नाही, तर उघडा असेल तोच पुसला जायचा. त्या दिवशी ती धड जेवली नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणून मी हसले.

मग एका दुपारी खालून नवाज ओरडला, "हुमेरा!" आंदर मावळातल्या आदिनाथच्या लग्नाचा फोल्डर उघडा होता आणि यानं घाईत नुसतं 'पूस' लिहिलं होतं. कॅमेऱ्याची कार्डं तर दुसऱ्या लग्नात वापरून झाली होती.

तेवढ्यात आदिनाथच्या वडिलांचा, बजरंगभाऊंचा फोन आला. "फोटू कवा मिळत्यात? आमची म्हातारी लय वाट बघतीया."

नवाजनं फोन माझ्या हातात दिला. "कळवते, भाऊ," मी म्हटलं.

"कशाला हात लावू नका," म्हणत हुमेरानं डिस्क काढली आणि आपल्या कॉम्प्युटरला लावली. पुसलेल्या जागी नवं काही भरलं गेलं नसेल तर फाइल्स सापडतात म्हणे. मी दुआ मागत बसले. आधी नवरी आली, मग मांडव, मग म्हातारी. सगळे फोटो सापडले, तेव्हा नवाज डोळे पुसत चहा सांगायला पळाला.

हुमेरानं लगेच लांब नाव परत आणलं, नवी आवृत्ती टाकली. तरी ती कॉम्प्युटरपुढून उठेना.

"आले ना फोटो? आता कशाची भीती?"

"मधली आवृत्ती ज्यांनी घेतली, त्यांच्याकडे अजून 'पूस'च आहे, भाभी. ते कोण, कुठले, मला ठाऊक नाही." तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "भाईनं हाक मारली तेव्हा मी वरच होते. ते कुणाला हाक मारतील?"