वेखंडात बांधलेली पोथी

परवा भाचीच्या बाळाच्या टाळूला वेखंड लावलं, आणि त्या उग्र वासानं मला शेणवे गावच्या आमच्या घरातलं देव्हाऱ्याखालचं कपाट आठवलं. टेकडीवरच्या देवीची पूजा आमच्या घराण्याकडे, म्हणून तिच्या माहात्म्याची हाताने लिहिलेली संस्कृत पोथीही आमच्याकडे. कीड लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे घालून तांबड्या फडक्यात बांधलेली. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहायचे, पण फडकं सोडायचं कोणी नाही, कारण संस्कृत कोणालाच येत नव्हतं. ती वाचता यावी म्हणूनच मी कॉलेजात संस्कृत घेतलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बी.ए. होऊन आले आणि काकांना म्हटलं, फडकं सोडा, मी वाचून अर्थ सांगते. "नाय गो, देवीची पोथी हाय ती. बाईमाणसाचा हात नाय लागत तिला." मग देवी कोण आहे, असं मी विचारल्यावर त्यांनी कपाटाला कुलूपच घातलं. पुढच्या दसऱ्याला कपाट रिकामं होतं. "वाळवी लागली, म्हणून सापगावच्या पुलावरनं भातसा नदीत सोडली. जीर्ण झालेलं देवाचं घरात ठेवू नये," काका समाधानानं म्हणाले. वाळवीला मात्र कोणी अडवलं नव्हतं. आता देवळाला संगमरवर बसलाय. काल चुलतभावाचा फोन आला, "ताई, भिंतीवर कोरायला देवीचं संस्कृत स्तोत्र लिहून दे, जुनं वाटंल असं." मी म्हटलं, बाईच्या हातचं चालेल? तो हसला. "चालंल गो, तुजं नाव कुठं टाकायचंय?"