रफूची खूण

मी नोएडात पनीर पुरवायचो, आणि ते ज्याच्याकडून घ्यायचो, त्याच्या नोएडापलीकडच्या गावात पूर्वी पनीरचे सात छोटे कारखाने होते. दूध पावडरीचं स्वस्त पनीर आलं आणि सहा बंद पडले. उरला त्याचा एकट्याचा. तो अजूनही आईने रफू केलेल्या सुती फडक्यांत पनीर दाबतो, आणि रफूची खूण प्रत्येक लादीवर उमटते. घासाघीस त्याला ठाऊकच नाही. मी भाव पाडायला लागलो की तो लादी उलटी करून त्या खुणेवरून अंगठा फिरवत बसायचा. माझ्या डोक्यात जायचं ते.

लग्नसराईत मी दुप्पट माल मागितला. "जितना दूध, उतना पनीर, भाईसाहब," तो म्हणाला. मी भडकलो. कमी पडलेला माल दुसरीकडून आणला आणि त्याच्याच नावावर खपवला. ते पनीर रबरासारखं निघालं. मी माल द्यायचो त्या कँटीनचा मॅनेजर त्यातली एक लादी घेऊन, मला गाडीत घालून थेट त्याच्या कारखान्यात गेला.

"ये आपका पनीर है?"

त्याने लादी उलटी केली, अंगठा फिरवला. खूण नव्हती. मग त्याने माझ्याकडे बघितलं. माझं कँटीनचं वर्षभराचं कंत्राट आता त्याच्या एका शब्दावर होतं.

"बदल देता हूँ जी," एवढंच म्हणून त्याने ताजी लादी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी माझा टेम्पो गेला, तेव्हा फाटक आतून बंद होतं. बाहेर माझे सगळे रिकामे क्रेट स्वच्छ धुऊन रचून ठेवले होते.

त्याने शिव्या दिल्या असत्या, तर मी तेही मिटवलं असतं. धुतलेल्या क्रेटांशी काय घासाघीस करणार?